शेवाळ मेलं, पुढे काय?

गणपती गेल्यावर आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या स्विमिंग पूलचं कुलूप उघडलं, तर आत पालकाच्या पातळ भाजीसारखं पाणी. जूनमध्ये मोटर जळाली होती आणि ‘पावसात पोहतंय कोण’ म्हणून दुरुस्ती राहून गेली. घरातलं स्टीलचं ताट मी सुतळीला बांधून आत सोडलं. वीतभर खाली गेलं आणि दिसेनासं झालं. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्राचा नितळपणा अशाच गोल तबकड्या बुडवून मोजला होता. तलावांच्या अभ्यासात ही पद्धत आजही वापरतात.

पूलवाला पाणी बघून म्हणाला, “काका, सगळं सोडून देऊ आणि टँकर मागवा.” मी हिशेब मांडला. १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर पाणी. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्या मापाने हजाराहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी. मोरबे धरणाचं पाणी असं गटारात सोडायला माझं मन धजेना. शिवाय एक धोका होताच. पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. भरलेला पूल स्वतःच्या वजनाने बसून राहतो. रिकामा केला की खालचं पाणी त्याला होडीसारखा वर ढकलतं आणि तळाला तडे जाऊ शकतात.

म्हणून आम्ही भाड्याने फिल्टर आणला: ट्रॉलीवर बसवलेली वाळूची टाकी, एक पंप आणि दोन जाड नळ्या. एक नळी खोल बाजूच्या तळाशी, दुसरी समोरच्या कोपऱ्यात. पंपाची वायर ओल्या फरशीवरून जात असल्यामुळे आधी ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला, आणि पंप चालू असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही असं ठरवलं.

पण नुसत्या वाळूने हे काम होत नाही. पाणी हिरवं करणाऱ्या एकपेशीय शेवाळाची पेशी बहुधा २ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनच्या वरचे कण नीट अडवते. त्यामुळे पेशी वाळूच्या फटींतून सरळ पार होऊन परत पूलमध्ये येते.

म्हणून आधी क्लोरीन. इथे शेवाळाची एक करामत कळली पाहिजे. प्रकाशसंश्लेषणासाठी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यामुळे पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, चढतो. पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनचं जंतू मारणारं रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ च्या आसपास असताना ते निम्मंच उरतं, आणि ८.५ वर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे शेवाळ जितकं माजतं तितकं आपलं औषध लुळं पडतं. ब्लीचिंग पावडरही पीएच वरच नेते. त्यामुळे आधी आम्ल टाकून पीएच ७.२ पर्यंत उतरवला आणि मग संध्याकाळी द्रव क्लोरीन टाकलं. संध्याकाळी अशासाठी, की उघड्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्म्याच्या खाली जातं. लिटरला १० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी १० टक्क्यांचं द्रावण साडेचौदा लिटर लागलं. आम्ल आणि क्लोरीन एकत्र कधीच आणायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटतो. आम्ल टाकल्यावर पंप चालू ठेवून काही तास जाऊ द्यायचे.

हाताशी आहे ते औषध ओतणं किती महागात पडतं हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दिसलं. तिथे कंत्राटदाराने पूलमध्ये ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, त्याने क्लोरीन निकामी केलं आणि डायव्हिंगचा पूल सगळ्या जगासमोर हिरवा झाला. शेजारच्या पूलचं तर पाणीच बदलावं लागलं.

दुसऱ्या सकाळी आमचं पाणी हिरवं नव्हतं. ताकाच्या निवळीसारखं करडं होतं. कमिटीतले लोक हिरमुसले, पण मला आनंद झाला. हरितद्रव्य नष्ट झालं होतं, म्हणजे शेवाळ मेलं होतं. पण मेलेल्या पेशी पाण्यातच होत्या, आणि त्या क्लोरीन खात राहतात. त्या बाहेर काढणं हे वेगळंच काम आहे.

माझी आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची. पूलमध्येही तेच करायचं. पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार शमवतं, त्याचे चिकट पुंजके होतात आणि त्यांत पेशी अडकून खाली बसतात. हजार लिटरला ५० ग्रॅम या हिशेबाने आम्ही सात किलो तुरटी विरघळवून टाकली आणि रात्रभर पंप बंद ठेवला. सकाळी तळावर मऊ, राखी गालिचा पसरला होता. तो व्हॅक्यूमने हळूहळू ओढला, आणि तोही फिल्टरमधून नाही तर थेट बाहेर, कारण असला लगदा वाळू चोंदवून टाकतो. हे पाणी पावसाळी नाल्यात सोडलं नाही. आमच्याकडचे नाले खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पिंपांत दोन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन उडू दिलं, मग सांडपाण्याच्या लाइनीत सोडलं.

उरलेली धूसर झाक वाळूने काढली. पंप तासाला २० हजार लिटर ओढतो, म्हणजे सात तासांत पूलभर पाणी. पण साफ पाणी परत मळक्यातच मिसळत असल्याने पहिल्या फेरीत फार तर ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, तीन फेऱ्यांनी ९५ टक्के. म्हणून पंप रात्रंदिवस चालवायचा आणि दाबाचा काटा चढला की बॅकवॉश द्यायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची.

पाचव्या दिवशी तळाच्या जाळीची भोकं मोजता येत होती. तरी एक चाचणी बाकी होती. रात्री क्लोरीन मोजायचं आणि ऊन यायच्या आधी पुन्हा मोजायचं. रात्री ऊन नसतं, त्यामुळे घट लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त आली तर ते खाणारं काहीतरी अजून पाण्यात आहे. आमचं रात्री ३ होतं, पहाटे २.५. त्याच दुपारी ट्रॉली परत पाठवली.