तासाच्या दरावरून वार्षिक वेतन व हाती येणारी रक्कम

तासाच्या मजुरीवरून महिन्याचा पगार, वर्षाचे वेतन आणि कपातीनंतर कामगाराच्या हाती पडणारी रक्कम काढण्याची रीत. भारतात तिचा आधार आठ तासांचा दिवस, सहा दिवसांचा आठवडा व २६ दिवसांचा महिना हा आहे. तासाचा दर १०० रुपये असल्यास रोज ८००, महिना २०,८०० आणि वर्ष २,४९,६०० रुपये होते. ४८ तासांचे ५२ आठवडे धरले तरी तास २,४९६ च भरतात. अमेरिकेत रूढ असलेला २,०८० तासांचा आकडा ४० तासांच्या आठवड्याचा आहे. तो येथे वापरल्यास वर्षाला ४१,६०० रुपये कमी दिसतात.

२६ चा भाजक : ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या वजा जाता ३१३ दिवस उरतात, त्यांची मासिक सरासरी २६.०८. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळवली. तिची तारीख सामान्यतः १० जून १८९० दिली जाते. त्यांच्या गिरणी कामगार संघटनेचे स्थापनावर्ष काही जण १८८४, तर काही १८९० मानतात. १८८४ अधिक रूढ आहे. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ दिले. सुटी मिळाली तरी महिन्याच्या पगाराला ३० ने भागायचे की २६ ने, हा प्रश्न पुढे अनेक दशके राहिला. उपदानाच्या (ग्रॅच्युइटी; सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळणारी रक्कम) दाव्यांत मालकपक्षाच्या मते पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे अर्धा पगार, म्हणजे वरील उदाहरणात १०,४०० रुपये. कामगारपक्ष २६ ने भागून १५ ने गुणत असे; त्याने १२,००० रुपये येतात. सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वुलन मिल्स (१९८०) व जीवनलाल (१९८४) या प्रकरणांत दुसरी रीत मान्य केली आणि १९८७ च्या दुरुस्तीने ती कायद्यातच आली. पगार कामाच्या दिवसांतच कमावला जातो, हा त्यामागील युक्तिवाद अधिक सयुक्तिक वाटतो. पगार ३० ने भागून काढलेला रोज केवळ हजेरीच्या २६ दिवसांना दिला, तर साप्ताहिक सुटीचे वेतन बुडते. रोजंदारीच्या हिशेबातील ही सर्वांत नुकसानकारक चूक होय.

महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांत अर्धवेळ कामगाराचा तासाचा दर काढताना रोजाला ८ ने भागून १५ टक्के वाढ देतात. त्यामुळे ८०० रुपये रोजाचा अर्धवेळ दर ११५ रुपये होतो. यावरून पूर्णवेळ पगार काढायचा असेल, तर आधी १.१५ ने भागावे. तसे न केल्यास महिना २३,९२० रुपये असा फुगतो.

कपात : भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापतात. २०,८०० रुपये पूर्ण धरल्यास २,४९६, १५,००० ची मर्यादा धरल्यास १,८०० रुपये. राज्य विमा योजनेची (ईएसआय) कपात ०.७५ टक्के, म्हणजे १५६ रुपये. तिची वेतनमर्यादा २१,००० आहे. व्यवसाय कर २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो १ एप्रिल २०२३ पासून नाही. पूर्ण वेतनावर निधी कापल्यास पुरुष कामगाराच्या हाती महिन्याला १७,९४८ व वर्षाला २,१५,२७६ रुपये येतात. कामगार कल्याण निधीची किरकोळ सहामाही वर्गणी यात धरलेली नाही.

जादा कामाचा दर दुप्पट असतो. त्या रकमेवर भविष्य निर्वाह निधी कापत नाहीत. राज्य विम्याची वर्गणी मात्र कापतात, जरी २१,००० ची मर्यादा ठरवताना ती रक्कम मोजली जात नाही. एका महिन्यातील जादा कामावरून पूर्ण वर्षाचा अंदाज केल्यास तो चुकतो.

नेमणूकपत्रातील ‘सीटीसी’ला (कामगारावर मालकाचा होणारा एकूण वार्षिक खर्च) १२ ने भागून हाती येणारा पगार मिळत नाही, कारण तीत मालकाची निधी-वर्गणी, राज्य विम्याचे ३.२५ टक्के आणि बहुधा उपदानाची तरतूदही मिळवलेली असते. उपदानाचा ४.८१ टक्के हा परिचित आकडा १५ भागिले २६, भागिले १२ यातून येतो.