दोन घराण्यांच्या छुप्या वैराची पार्श्वभूमी

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या साहसकथांत दोन घराण्यांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले छुपे वैर हा विषय वारंवार येतो. जुना कागद, हरवलेला शिक्का, डावललेला वारस आणि आजोबांनी अखेरपर्यंत पोटात ठेवलेली गोष्ट ही त्याची नेहमीची सामग्री. ती परदेशी कथांतून उसनी आणावी लागते, असा समज आहे; बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही.

इथल्या वैराचे मूळ वतनात, म्हणजे वंशपरंपरागत पद आणि त्याच्या उत्पन्नात, आहे. देसाई, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही पदे वंशपरंपरेने चालत आणि त्यांच्यासोबत इनाम जमीन, हक्कलाजिमा (पदाचे ठरलेले हक्क व उत्पन्न) व मानपान येई. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, की थोरली पाती (घराण्याची शाखा) कोणाची, होळीची पहिली पोळी कोणाची, पहिला विडा कोणाला, यावरून तंटे उभे राहत. उत्पन्नापेक्षा मानासाठीची भांडणे अधिक चिवट असत, आणि कथालेखकाने हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते. पुरलेल्या धनाचा हंडा एकदा सापडला की कथा संपते, मानाचा प्रश्न मात्र नातवंडांपर्यंत पोहोचतो.

असा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व वतनदारांच्या न्यायसभेपुढे, जाई. निवाड्याचा महजर (निर्णयपत्र) मोडी लिपीत लिहिला जाई आणि त्याखाली पाटलाचा नांगर, शेट्याची (पेठेच्या वतनदाराची) तराजू अशा निशाण्या उमटत. साक्षीपुराव्याने निर्णय होईना, तर दिव्य, म्हणजे देवावर हवाला ठेवून जिवावरची परीक्षा, करावे लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग त्या हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष ती सोडून हात पोळला आहे की नाही ते पाहत. म्हणजे त्या काळी वैर छुपे नव्हते, सारा गाव त्याचा साक्षीदार असे.

मोठ्या घराण्यांतही हेच दिसते. 1648 मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात मुधोळच्या बाजी घोरपड्यांचा हात होता. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्यांना ठार केले. बापाच्या अपमानाची भरपाई मुलाने करायची, हा साहसकथेचा कणा इथे प्रत्यक्ष घडलेला आहे.

वैर गुप्त होण्याचे कारण, माझ्या मते, कंपनी सरकारच्या काळात आहे. आता गावाच्या साक्षीपेक्षा सरकारची मंजुरी आणि हातातला कागद मोलाचा ठरू लागला. कित्तूरच्या देसायांचे दत्तकविधान इंग्रजांनी नाकारले आणि 1824 मध्ये राणी चन्नम्मांनी लढा दिला. 1852 च्या कायद्याने इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनद दाखवू न शकणाऱ्यांच्या इनामांवर गदा आली. दत्तक नाकारले गेल्याने दुखावलेले नरगुंदचे बाबासाहेब भावे 1858 मध्ये बंड करून उठले आणि त्यांना बेळगावातच फाशी देण्यात आले. ज्या काळात एका सनदेवर घराण्याचे पोट आणि नाव दोन्ही अवलंबून होते, त्या काळात ती दडवणे, चोरणे किंवा तिची बनावट प्रत करणे याला किती किंमत आली असेल, हे सहज समजण्यासारखे आहे. अशी कृत्ये गावासमोर होत नाहीत. ती घरातच राहतात आणि वारशाने पुढे जातात.

पुढे मुंबई राज्याने 1950 च्या कायद्याने परगणा (देसाई-देशपांडे) व कुलकर्णी वतने रद्द केली. 1956 मध्ये चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तिथे 1961 च्या कायद्याने गावकीची वतनेही संपुष्टात आली. कथेच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे आहे ते राज्यांच्या हद्दीचे: एकाच घराण्याची थोरली पाती चंदगडकडे आणि धाकटी बेळगावकडे असेल, तर त्यांची सरकारी दप्तरे दोन राज्यांत आणि दोन भाषांत पुढे वाढली.

आजच्या सीमाभागातला मराठी शाळेतला मुलगा किंवा मुलगी देवनागरी आणि कन्नड दोन्ही वाचते, मोडी मात्र वाचू शकत नाही. पणजोबांच्या पेटीतला महजर हाती आला, तरी तो उलगडायला जाणत्या माणसाकडे जावे लागते. आणि गावातला तो मोडीचा जाणकार दुसऱ्या घराण्यातला निघाला, तर कागद त्याच्या हाती द्यायचा की नाही, हा निर्णय त्या मुलांनाच घ्यावा लागतो.