‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘कम्पोस्टेबल’ पिशवीत फरक काय?

दादरच्या मंडईत ‘विघटनशील आहे, चालते’ असे सांगून हिरवट, मऊ पिशवी हातात ठेवली, तर आधी तिच्यावरचा मजकूर वाचावा. बायोडिग्रेडेबल आणि कम्पोस्टेबल हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ते वेगळे आहेत.

कम्पोस्टेबल पिशवी बहुधा पीबीएटी या कुजणाऱ्या मऊ प्लास्टिकमध्ये स्टार्च किंवा पीएलए (पिकांतल्या साखरेपासून केलेले प्लास्टिक) मिसळून केलेली असते. आयएसओ १७०८८ या मानकाच्या चाचणीत साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या, हवा खेळत्या खतात १८० दिवसांच्या आत तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. शिवाय १२ आठवड्यांनी खत चाळले, तर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये. सोसायटीच्या खतखड्ड्यात ५८ अंश आठवडेच्या आठवडे टिकत नाहीत. म्हणून ओल्या कचऱ्यातून गेलेली पिशवी चिंध्या होऊन खतात सापडते. पिशवी खोटी असतेच असे नाही, ढीग थंड असतो.

बायोडिग्रेडेबल हा शब्द फारच सैल. किती दिवसांत आणि कुठे, मातीत की पाण्यात, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीने लेबलवर नेमके तेच मागितले. या नावाखाली पॉलिथिनमध्ये कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेला मालही खपवला गेला. तो उन्हात भुरभुरतो, पण त्याचे सूक्ष्मप्लास्टिक होते. युरोपीय संघाने त्यावर २०२१ पासून बंदी घातली.

मुंबईतल्या मिठी नदीच्या नाल्यांपाशी हा सगळा फरक संपतो. पिशवी कुजायला महिने लागतात, जाळी तुंबायला पावसाची एक मोठी सर पुरते. समुद्रात मात्र फरक पुन्हा दिसतो, तोही उलटा. पॉलिथिनची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) सुमारे ०.९२, समुद्राच्या पाण्याची १.०२५, पीबीएटी आणि पीएलएची १.२५ च्या आसपास. पॉलिथिन तरंगत वर्सोव्याच्या वाळूवर परत येते आणि सफाईत उचलले जाते. कम्पोस्टेबल पिशवी तळाकडे जाते, आणि तिथे ना ती उष्णता, ना खतातले जिवाणू. किनाऱ्यावरचा कचरा मोजून प्लास्टिक पिशवीबंदीचे यश ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

डम्पिंगच्या ढिगात प्राणवायू नसतो. तिथे जे कुजते त्यातून मिथेन निघतो. म्हणजे प्लास्टिकचा प्रश्न सुटलाच, तर तो हवामानबदलाचा प्रश्न होतो.

भंगारातही घोळ होतो. कम्पोस्टेबल माल ‘एलडी’त (पातळ पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये) मिसळला की वितळवून काढलेला दाणा कमकुवत होतो. घरी पाहायचे तर बोटभर तुकडा पाण्यात दाबून चोळावा, चिकटलेले बुडबुडे काढून सोडावा. वर आला तर बहुधा पॉलिथिन, लेबल काहीही म्हणो. बुडाला तर मात्र लगेच कम्पोस्टेबल समजू नये. खडूची भुकटी भरपूर घातलेले पॉलिथिनही बुडते.