चोथा फेकण्याआधी

काढा गाळून झाला, वाफेवर तेल काढून झालं की उरलेला चोथा बहुतेक ठिकाणी थेट खताच्या खड्ड्यात किंवा बॉयलरमध्ये जातो. वनस्पतीचं सत्त्व निघून गेलं, आता नुसता भुसा उरला, असं धरून चालतात. पण पहिल्या वेळी तेवढंच बाहेर येतं, जेवढं तुमच्या द्रावकात, म्हणजे पाणी किंवा अल्कोहोलसारख्या विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळतं किंवा वाफेबरोबर उडतं. बाकीचं चोथ्यातच असतं, आणि आम्ही तेच काढून देतो.

ज्येष्ठमध पाण्यात उकळलं की गोडी देणारं ग्लिसिरायझिन काढ्यात उतरतं. त्याच मुळातलं ग्लॅब्रिडिन मात्र पाण्याला दाद देत नाही आणि चोथ्यात राहतं. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांना ते हवं असतं. मात्र त्यासाठी मूळ ‘ग्लिसिरायझा ग्लाब्रा’ याच जातीचं असावं लागतं. ज्येष्ठमध म्हणून विकल्या जाणाऱ्या इतर जातींवर ही मेहनत वाया जाते. तुमच्याकडून शास्त्रीय नाव आम्ही आग्रहाने मागतो ते यासाठीच.

रोजमेरीत वाफेबरोबर सुगंधी तेल जातं, पण कार्नोसिक आम्ल उडत नाही, ते पानांत राहतं. तेलातुपाचे पदार्थ खवट होऊ नयेत म्हणून युरोपात रोजमेरीचा अर्क ई-३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरतात, त्यातलं हे मुख्य द्रव्य. हळदीचा पाण्यात काढा केला असेल तर कुर्क्युमिन हे तिचं पिवळं द्रव्य बहुतेक चोथ्यातच असतं. तीच हळद आधी अल्कोहोलने धुतली असेल तर कुर्क्युमिनसाठी ती आमच्याकडे पाठवू नका, हाती काही लागणार नाही.

चोथा आला की आम्ही तो भरड दळतो. फार बारीक केला तर गाळणी तुंबते. पॉलिफेनॉल या गटातल्या वनस्पतिद्रव्यांसाठी निव्वळ अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं अल्कोहोल बरं पडतं, कारण पाण्याने सुकलेल्या पेशी फुगतात आणि द्रावक आत शिरतं. सोबत २० किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरी सोडल्या की द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, त्या धक्क्याने पेशीभित्तिका उघडतात आणि कमी उष्णतेत काम होतं. मग निर्वात पंप लावून अल्कोहोल काढतो. एरवी ते ७८ अंशांना उकळतं, दाब कमी केला की बरंच आधी उकळतं आणि अर्क करपत नाही. तेलात विरघळणाऱ्या नाजूक द्रव्यांसाठी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड उत्तम. तो ३१ अंश आणि सुमारे ७४ बार दाबाच्या वर द्रावकासारखा वागतो आणि दाब सोडताच उडून जातो. ते यंत्र आमच्याकडे नाही. तुमच्या मालाला तेच लागणार असेल तर आम्ही आधीच तसं सांगू.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ओला चोथा साठवू नका. गाळल्यावर काही तासांतच तो आंबायला लागतो. पोत्यात मनगटापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली, गोळे हाताला आले किंवा आंबूस वास आला, तर तो माल अर्कासाठी गेला असं समजा. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार झालं तर ते उकळूनही जात नाही. म्हणून त्याच दिवशी पातळ थरात, वारा खेळत्या सावलीत किंवा ड्रायरमध्ये ५० अंशांच्या आसपास वाळवा. ओलावा १० टक्क्यांच्या खाली आल्यावरच पोती शिवा.

अर्क घट्ट होताना चांगल्या द्रव्यांबरोबर कीडनाशकांचे अंश आणि जड धातूही एकवटू शकतात. त्यामुळे चोथा आणि तयार अर्क, दोन्हींची तपासणी आम्ही करून घेतो. हा खर्च टाळून काम करा, असं कुणी म्हटलं तरी आम्ही ते करत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही करत नाही. सत्त्व काढलेला चोथा वाळवून अख्ख्या वनस्पतीच्या चूर्णात मिसळणं ही सरळसरळ भेसळ आहे, आणि ती जुनी आहे. चांगली लवंग पाण्यात टाकली तर बुडते किंवा उभी तरंगते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. चूर्णात अशी ओळख पटत नाही, म्हणून तिथे फसवणूक सोपी जाते. चोथ्यापासून केलेला अर्कही मूळ वनस्पतीच्या अर्कासारखाच आहे असं लिहू नका, कारण दोघांतली द्रव्यं वेगळी असतात. अर्क कशापासून आणि कोणत्या द्रावकाने काढला, हे लेबलवर असू द्या. अर्कात कोणतं द्रव्य किती आहे हे दाखवणारा एचपीएलसी या प्रयोगशाळा-चाचणीचा अहवाल प्रत्येक बॅचसोबत मिळेल.

सुरुवातीला वाळवलेला किलोभर चोथा पाठवा. सोबत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, आधीचं द्रावक आणि किती वेळ कोणत्या तापमानाला उकळलं, एवढं लिहा. छोट्या चाचणीत काय आणि किती निघालं ते कळवू. निघालेला अर्क खर्चाला पुरणारा नसेल तर तेही स्पष्ट सांगू, मग तो चोथा खताला द्या. आमच्याकडून काम होऊन उरलेला चोथाही अल्कोहोल पूर्ण काढून परत मिळतो, तो खतात घालता येतो.