आधारगटाचा अड्डा कसा झाला : 'इन्सेल' मंचांची पार्श्वभूमी

'इन्सेल' हा शब्द बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो एखाद्या हत्याकांडाच्या बातमीत. त्यामुळे तो एका तरुणीमुळे रूढ झाला, हे कुणाला चटकन खरं वाटत नाही. १९९७ साली कॅनडातल्या ओटावा शहरात, कार्लटन विद्यापीठात शिकणाऱ्या अलाना नावाच्या विद्यार्थिनीने एक साधं संकेतस्थळ सुरू केलं. प्रेमसंबंध जुळायला तिला स्वतःला बराच उशीर झाला होता. आपल्यासारखे आणखी लोक असतील, त्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढीच तिची इच्छा होती. मनात असूनही जोडीदार किंवा शरीरसंबंध वाट्याला न आलेल्या सगळ्यांसाठी तिने 'इन्व्हॉलंटरी सेलिबसी', म्हणजे मनाविरुद्ध वाट्याला आलेलं ब्रह्मचर्य, हे शब्द वापरले. पत्रव्यवहारात त्याचं आधी 'इन्व्हसेल' आणि मग 'इन्सेल' झालं.

या संकेतस्थळाभोवती जमलेल्या ईमेल-गटात कोण होतं, हे नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून कळतं. या गटातल्याच एका सदस्याने जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ डेनिस डॉनेली यांच्याशी संपर्क साधला आणि त्यातून एक अभ्यास उभा राहिला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ८२ जणांनी प्रश्नावली भरून दिली होती : ६० पुरुष, २२ स्त्रिया. त्यात कधीच संबंध न आलेले होते, पूर्वी संबंध येऊन नंतर एकटे पडलेले होते आणि लग्न होऊनही वर्षानुवर्षं स्पर्शाला पारखे झालेलेही होते. कारणं त्यांनीच सांगितली होती. लाजाळूपणा, स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड, जिथे नवी माणसं भेटतच नाहीत अशा नोकऱ्या. बरोबरीची मुलं पौगंडावस्थेत ज्या पायऱ्या चढली त्या आपल्या राहून गेल्या, आता गाडी चुकली, ही भावना अनेकांच्या उत्तरांत होती. दुःख पुष्कळ होतं. पण ते कुणाच्या नावावर मांडलेलं नव्हतं.

२००० च्या सुमारास अलानाने हे काम दुसऱ्याकडे सोपवलं आणि ती बाजूला झाली. पुढच्या काही वर्षांत दोन ऑनलाइन मंच ठळक झाले. 'इन्सेलसपोर्ट'वर स्त्रियांना प्रवेश होता आणि स्त्रीद्वेषी लिखाणाला बंदी होती. 'लव्ह-शाय'वर देखरेख ढिली होती, आणि तिथली भाषा हळूहळू कडवट होत गेली. माणसं साधारण सारख्याच दुखण्याची. फरक होता तो कुणाला आवरलं जातं आणि कुणाला मोकळं सोडलं जातं, याचा. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित धडा हाच आहे.

दरम्यान 'मुली कशा पटवाव्यात' हे शिकवणाऱ्यांचा धंदा जोरात होता. पैसे मोजूनही हाती काही न लागलेले तरुण २००९ च्या सुमारास 'पुआहेट' नावाच्या मंचावर जमले. त्यांचा राग फसवणाऱ्या गुरूंवर होता, आणि तो रास्तच होता. पण त्यातून निष्कर्ष निघाला तो भलताच : युक्त्या चालत नाहीत, कारण सगळं चेहऱ्यावर ठरतं आणि चेहरा बदलता येत नाही. १९९९ च्या 'द मेट्रिक्स' चित्रपटातली, घेतली की जगाचं खरं रूप दिसू लागतं अशी 'लाल गोळी' पुरुषहक्कवाल्या गटांनी आधीच उचलली होती. स्त्रियांचं 'खरं रूप' कळणं म्हणजे ती गोळी घेणं. तिच्या पुढची 'काळी गोळी' म्हणजे कळूनही काही उपयोग नाही, जन्मतःच निकाल लागलेला आहे, ही समजूत.

या समजुतीला आकड्यांचा आधार दिला जातो. ८० टक्के स्त्रिया वरच्या २० टक्के पुरुषांच्याच मागे असतात, हे तिथलं पाठ झालेलं वाक्य. त्यासाठी 'ओकेक्युपिड' या डेटिंग संकेतस्थळाने २००९ मध्ये मांडलेली माहिती हमखास पुढे केली जाते. स्त्रियांनी ८० टक्के पुरुषांना दिसायला सरासरीपेक्षा कमी ठरवलं होतं, हे खरं. पण त्याच माहितीत पुढे असंही होतं की स्त्रिया प्रत्यक्ष निरोप धाडताना अशा पुरुषांनाही धाडत होत्या, आणि देखण्या स्त्रियांच्या मागे जास्त गर्दी करत होते ते पुरुषच. हा अर्धा भाग त्या चर्चांत येत नाही.

तिथलं बोलणं कसं चालतं? एखादा विशीतला मुलगा फोटो टाकतो आणि विचारतो, माझं काही होईल का? उत्तरं येतात ती मोजमापांची. जबड्याचा कोन, मनगटाचा घेर, डोळ्यांच्या कडांचा तिरकेपणा, उंचीतला इंच-दीड इंच. देखणा यशस्वी पुरुष म्हणजे 'चॅड', त्याच्या तोडीची स्त्री 'स्टेसी', बाकी जग 'नॉर्मी'. कुणी व्यायाम, मित्र किंवा समुपदेशन सुचवलं की 'कोप', म्हणजे मनाची खोटी समजूत, असा शिक्का बसतो. आणि शेवटी तोच शेरा : 'इट्स ओव्हर', संपलं. आधार मागायला आलेल्या पोराला हे ऐकवलं जातं, याने माझा जीव तुटतो.

२३ मे २०१४ रोजी कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टा इथे 'पुआहेट'वर वावरणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणाने सहा जणांचा जीव घेतला आणि स्वतःलाही संपवलं. तो मंच बंद पडला, पण काही ठिकाणी मारेकऱ्याचा उदोउदो सुरू झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये रेडिट या चर्चा-संकेतस्थळाने सुमारे ४०,००० सदस्यांचा इन्सेल गट बंद केला. २३ एप्रिल २०१८ रोजी टोरंटोत एकाने पादचाऱ्यांवर व्हॅन घातली. दहा जण दगावले, आणि जखमी झालेली आणखी एक व्यक्ती २०२१ मध्ये गेली. त्याच्या खटल्यात न्यायाधीश अ‍ॅन मॉलॉय यांनी निकालपत्रात आरोपीचं नाव घेणं टाळलं. आपण हे इन्सेलांच्या बंडासाठी केलं, ही त्याने पोलिसांना सांगितलेली कहाणीही त्यांनी मान्य केली नाही. त्याला प्रसिद्धी हवी होती, असं त्यांचं मत पडलं. टोरंटोतल्याच २०२० मधल्या दुसऱ्या एका खुनाला मात्र न्यायालयाने २०२३ मध्ये इन्सेल विचारांतून झालेलं दहशतवादी कृत्य ठरवलं.

रेडिटवरच्या बंदीनंतर त्या गटातले बरेच जण स्वतःच्या संकेतस्थळांवर गेले. तिथल्या सगळ्यात मोठ्या मंचावर स्त्रियांना प्रवेशच नाही. ज्याचं जुळलं, तोही तिथला राहत नाही. म्हणजे ज्याला मार्ग सापडला तो निघून जातो, त्याचा अनुभव मागच्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि उरतात ते एकमेकांची निराशा घट्ट करत बसलेले. १९९७ च्या गटात स्त्रिया होत्या, विवाहित होते, म्हणून 'सगळ्या बायका अशाच' हे वाक्य तिथे टिकलं नसतं. समोरूनच कुणीतरी उत्तर दिलं असतं.

ही माणसं सरसकट धोकादायक मानणंही चूक आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ५६१ इन्सेल पुरुषांचा अभ्यास २०२४ मध्ये पुढे आला. त्यात नैराश्य, एकटेपणा आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण फार मोठं आढळलं. यातल्या बहुसंख्यांचा घाव होतो तो स्वतःवरच.

२०१८ मधल्या टोरंटोच्या घटनेनंतर अलाना पुन्हा या विषयाकडे वळली आणि एकाकी माणसांना नेमकी कशाची मदत होते हे शोधण्यासाठी तिने 'लव्ह नॉट अँगर' हा प्रकल्प सुरू केला. रेडिटवर 'इन्सेलएक्झिट' नावाचा गटही आहे. तिथे बाहेर पडू पाहणारे आणि बाहेर पडलेले एकाच ठिकाणी बोलतात, आणि स्त्रियाही उत्तरं देतात.