आकडे म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं

"आमच्या मुलीला शंभरपर्यंत येतं," असं कुणी म्हटलं की मी विचारते, म्हणता येतं की मोजता येतं? समोरच्याला प्रश्नच कळत नाही. अंगणवाडीपासून शाळेपर्यंत हाच घोळ चालू आहे.

आकडे म्हणणं सगळ्यांच्या ओळखीचं: एकापाठोपाठ एक, न चुकता. मराठीत ते सोपं मुळीच नाही, शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं लक्षात ठेवावं लागतं. अठ्ठावीसनंतर 'नवावीस' म्हणणारं मूल खरं तर नियम शोधत असतं. म्हणून शंभर गाठलं की कौतुक होतं, आणि गणित आलं असा समज होतो.

आता मोजणं. चार वर्षांच्या मुलासमोर बाटल्यांची पाच झाकणं ठेवा. ते बोट ठेवत नीट म्हणेल, "एक, दोन, तीन, चार, पाच." लगेच विचारा, "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. 'किती'चं उत्तर म्हणजे ते सगळं परत म्हणून दाखवायचं, असं त्यांना वाटतं. 'पाच' हे शेवटच्या झाकणाचं नाव नाही, सगळी झाकणं मिळून पाच आहेत, हे अजून उमगलेलं नसतं. आणखी पक्की परीक्षा हवी असेल तर म्हणा, "मला चार दे." वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही मूठभर उचलून हातावर ठेवतं.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, वस्तू कोणत्याही चालतात, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. पाठांतरातून यातलं फक्त दुसरं मिळतं. तिसरं नसेल तर बेरीज अडते, कारण पाचात दोन मिळवायला पाच मनात धरून पुढे जावं लागतं.



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, त्यातून ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं: २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान. शब्द संख्याज्ञान आहे, संख्यापाठांतर नाही. पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेसाठी लक्ष्य आहे १० पर्यंतचे अंक ओळखणं, वाचणं. ९९ पर्यंतचं वाचन-लेखन पहिलीत. तरीही बालवाटिकेच्या वयाच्या मुलांच्या वह्या '१ ते १००' च्या रकान्यांनी भरलेल्या दिसतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. लक्ष्यांच्या त्या छोट्या यादीत 'मागितल्या तेवढ्या वस्तू मोजून देतो' हे ठळक हवं होतं. ओळखणं-वाचणं तक्त्यावर बोट ठेवून तपासता येतं, म्हणून तेवढंच तपासलं जातं.

घरी मी तक्ता लावणार नाही. "आपण चौघं जेवायला, वाट्या आण," एवढंच सांगेन. तीनच आल्या तर गप्प बसायचं. मूल एकेकासमोर वाटी ठेवत जातं, शेवटच्याकडे पोचल्यावर हात रिकामा असतो, आणि "अजून एक" म्हणत ते स्वतःच उठतं.