प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी : प्रदेशागणिक बदलणारा प्रश्न

प्लास्टिकच्या प्रवासातील ज्या टप्प्यावर एखाद्या प्रदेशाला झळ बसते, त्याच टप्प्यावर तो प्रदेश उपाय शोधतो; जागतिक करार रखडण्याचे मूळ बऱ्याच अंशी यात आहे.

भूमध्य समुद्र जवळपास चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला असल्याने त्यात आलेला कचरा सहजासहजी बाहेर जात नाही. म्हणूनच या समुद्राच्या प्रदूषणाविरुद्ध झालेल्या 1976 च्या बार्सिलोना करारातील देशांनी 2013 मध्ये सागरी कचऱ्यासाठी कायद्याने बंधनकारक असा प्रादेशिक आराखडा स्वीकारला. आफ्रिकेची चिंता निराळी होती: इतरांचा घातक कचरा आपल्या भूमीवर येऊ नये, यासाठी तेथील देशांनी 1991 मध्ये बामाको करार केला. चीनने 2018 पासून प्लास्टिक कचऱ्याची आयात जवळपास थांबवल्यावर हा ओघ मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळला. आसियान या आग्नेय आशियाई गटातील देशांनी 2019 मध्ये सागरी कचऱ्याविरुद्ध बँकॉक घोषणापत्र काढले खरे, पण ते बंधनकारक नव्हते. प्रशांत महासागरातील छोट्या बेटांची स्थिती मात्र सर्वांत अन्यायकारक म्हणावी लागेल, कारण तेथील किनाऱ्यांवर साचणारा बराचसा कचरा सागरी प्रवाहांनी दुरून वाहून आणलेला असतो.

नैरोबीत 2022 मध्ये जागतिक कराराचा ठराव झाल्यावर हे सारे दृष्टिकोन समोरासमोर आले. नॉर्वे आणि रवांडा यांच्या नेतृत्वाखालील गटाला उत्पादनावरच मर्यादा हवी आहे, तर सौदी अरेबिया, रशिया, इराण यांसारख्या तेलसंपन्न देशांना करार कचरा व्यवस्थापनापुरता हवा आहे.

माझ्या मते रसायनशास्त्र पहिल्या गटाच्या बाजूने आहे. पुनर्चक्रणासाठी वेगवेगळी पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकचे निरनिराळे प्रकार, एकत्र वितळवली की ती नीट मिसळत नाहीत, वितळवताना त्यांच्या लांब रेणुसाखळ्या तुटत जातात आणि रंग, मृदुकारके, ज्वालारोधके अशी पूरक द्रव्ये नव्या मालात उतरतात. 2019 मध्ये जगात सुमारे 46 कोटी टन प्लास्टिक वापरले गेले, पण त्या वर्षीच्या प्लास्टिक कचऱ्यापैकी केवळ 9 टक्क्यांच्या आसपास पुनर्चक्रित झाला. संकलन कितीही सुधारले तरी या मर्यादा उरतातच.

दक्षिण कोरियातील बुसान येथे 2024 मध्ये आणि जिनिव्हा येथे ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या वाटाघाटींत सहमती झाली नाही. एकमत न झाल्यास मतदान घ्यावे की नाही, हा कार्यपद्धतीचा वाद पॅरिसच्या 2023 मधील बैठकीतच उफाळला होता; तो न मिटल्याने मोजक्या देशांचा विरोधही मसुदा अडवून धरायला पुरेसा ठरला.